शंभर यार्डांच्या आत

मागच्या अंकात कॉलेजातल्या तंबाखूमुक्त समितीबद्दल मी जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं वाचायला मला दोन संध्याकाळी लागल्या. म्हणून या वेळचं सदर त्यांच्यासाठीच ठेवलं आहे. नवीन वाचकांसाठी सांगते, मी सव्वीस वर्षं तालुक्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं ही समिती सांभाळली. उत्तरं त्या अनुभवातून देते आहे. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मी एका कला-वाणिज्य महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे. नोकरीचं दुसरंच वर्ष आहे आणि तंबाखूमुक्त समिती माझ्याकडे आली आहे. गेटवर मोठा फलक आहे, तरी जिन्यांचे कोपरे लाल झालेत. प्राचार्यांनी मसुदा करायला सांगितलाय : पहिल्यांदा सापडला तर दंड, दुसऱ्यांदा पालकांना बोलावणं, तिसऱ्यांदा निलंबन. शिवाय जिन्यात कॅमेरे. अडचण अशी की आमच्या स्टाफरूममध्येच दोन ज्येष्ठ सर रोज मळतात. मुलांना मी कोणत्या तोंडाने सांगू?

उत्तर : सर, मसुद्यातला तिसरा मुद्दा आधी खोडा. निलंबित मुलगा दिवसभर कुठे असतो ते मी पाहिलंय. गेटसमोरच्या टपरीवर असतो. ज्या जागेपासून त्याला लांब ठेवायचं, तिथेच आपण त्याला सकाळी दहा ते पाच बसवतो.

समितीच्या पहिल्या वर्षी बी.एस्सी.च्या एका मुलाला मी प्रयोगशाळेच्या मागे पकडलं आणि वर्गासमोर उभं करून तोंड उघडायला लावलं. तो माझ्या प्रॅक्टिकलला पुन्हा आला नाही. वार्षिक परीक्षेला त्याचा फॉर्मही आला नाही. त्याची तंबाखू सुटली की नाही हे मला कधी कळलं नाही. त्याचा हजेरी क्रमांक मला अजून पाठ आहे.

तेव्हापासून मी दोन कामं वेगळी धरली. बंदी असते ती ज्याने अजून सुरुवात केलेली नाही त्याच्यासाठी. अकरावीत आलेल्या मुलाला आवारात कुणी मळताना दिसलं नाही, कुणी ‘घे रे चिमूटभर’ म्हटलं नाही, पुडी घ्यायला चार पावलांऐवजी बरंच चालावं लागलं, तर सुरुवातच टळण्याची शक्यता वाढते. पण ज्याला आधीच लागलेली आहे तो बंदी आली की फक्त जागा बदलतो. जिन्यातून पाण्याच्या टाकीमागे जातो. त्याच्यासाठी निराळं काम करावं लागतं आणि ते फलकाने होत नाही. तुमच्या मसुद्यात पहिलं काम सगळं आहे, दुसरं अजिबात नाही.

कायदा मात्र नीट वाचून घ्या, कारण वाद घालायला कुणी ना कुणी येणारच. 2003 चा सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने कायदा, ज्याला सगळे ‘कोटपा’ म्हणतात, त्याचं कलम 4 सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करायला मनाई करतं, आणि सार्वजनिक ठिकाणांच्या व्याख्येत शिक्षणसंस्था आणि ग्रंथालयं नावानिशी आहेत. 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झालेल्या नियमांनुसार धूम्रपानबंदीचा फलक किमान 60 सेंटिमीटर बाय 30 सेंटिमीटर हवा आणि तक्रार कुणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव लावलेलं हवं. बहुतेक कॉलेजांत फलक असतो, नावाची जागा कोरी असते. दंड 200 रुपयांपर्यंत आहे आणि आपल्या आवारात तो करण्याचा अधिकार प्राचार्यांना आहे.

आता त्यातली फट बघा. कलम 4 मधला शब्द आहे ‘धूम्रपान’. मळलेल्या तंबाखूला, माव्याला ते कलम लागतच नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 15 वर्षांवरचे 3.8 टक्के लोक ओढणारे निघाले आणि 24.4 टक्के चघळणारे, तोंडात धरणारे किंवा दाताला लावणारे. म्हणजे ज्याच्यासाठी फलक आहे त्याच्या सहापटीहून जास्त लोक फलकाखालून बिनधास्त जातात. ही फट कॉलेजच्या स्वतःच्या आचारसंहितेनेच बुजवावी लागते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2019 च्या तंबाखूमुक्त शिक्षणसंस्था मार्गदर्शक सूचना तंबाखूचा प्रत्येक प्रकार धरून आहेत, त्यांचा आधार घ्या. आणि लिहिताना प्रत्येक नाव घाला : तंबाखू-चुना, मावा, खर्रा, गुटखा, मशेरी, तपकीर, विडी, सिगारेट, ई-सिगारेट. सुपारीसुद्धा. नाव नसलं की मुलगा म्हणतो, ‘सर, हा मावा आहे, नियमात गुटखा लिहिलाय.’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की नंतर नियम पाठ करून दाखवायची मी सवयच लावून घेतली. ‘आवार’ म्हणजे काय तेही लिहा. पार्किंग, मैदान, वसतिगृहाची गच्ची, क्रीडा स्पर्धेला जाणारी बस.

कॅमेऱ्यांवर पैसे घालू नका. त्यापेक्षा एका शनिवारी जिने, कोपरे, टाकीमागची भिंत स्वच्छ धुऊन घ्या आणि पुढच्या शनिवारी विद्यार्थ्यांना घेऊन डाग मोजा. कुठे किती, ते इमारतीच्या साध्या नकाशावर मांडा. आम्ही मोजले तेव्हा एका आठवड्यात 41 निघाले. त्यातले 23 एकाच जिन्याच्या वळणावर होते, आणि तो जिना विद्यार्थ्यांचा नव्हता, कार्यालयाकडे जाणारा होता. तोवर आम्ही सगळे विद्यार्थ्यांनाच शोधत होतो. हा नकाशा स्टाफ मीटिंगमध्ये टेबलावर ठेवला, तेव्हा कुणावरही बोट न ठेवता बोलणं सुरू झालं.

त्यावरून तुमच्या दोन ज्येष्ठ सरांकडे येते. त्यांना मीटिंगमध्ये बोलू नका आणि मुलांपुढे तर मुळीच नाही. एकेकट्याने भेटा, जमल्यास त्यांच्या घरी. आणि मागणं छोटं ठेवा. धोरण माणसाला आवारापुरतं बांधतं, आयुष्यभरासाठी नाही, हे त्यांना सांगा. आमच्याकडच्या एका सरांना तीस वर्षांची सवय होती. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, ‘सुटणार नाही, उगाच शब्द घेऊ नका.’ मी म्हटलं, ‘गेटच्या आत नको, एवढंच.’ पहिला महिना ते दोन तासांच्या मध्ये गेटबाहेर चालत जायचे, उन्हातसुद्धा. मुलांना ते दिसत होतं. ‘सर बाहेर जातात’ ही गोष्ट आमच्या कुठल्याही पोस्टरपेक्षा जास्त पसरली, कारण एवढा मोठा माणूस नियम पाळण्यासाठी कष्ट घेतोय हे पोरांनी डोळ्यांनी पाहिलं. म्हणून माझा आग्रह आहे की पहिलं सत्र नियम फक्त कर्मचाऱ्यांना लावा : शिक्षक, कार्यालय, शिपाई, माळी, सुरक्षा रक्षक. दुसऱ्या सत्रात विद्यार्थ्यांना. प्राचार्य याला सहज तयार होणार नाहीत, तरी धरून बसा.

निलंबनाच्या जागी काय, तर हे : पहिल्यांदा सापडला की त्या आठवड्यात समितीतल्या एका शिक्षकाबरोबर वीस मिनिटं, दार लावून, नोंद न करता. दुसऱ्यांदा सापडला की जिल्हा रुग्णालयाच्या तंबाखूमुक्ती केंद्रात एक भेट, आणि त्या दिवसाची हजेरी त्याला द्यायची. हजेरी देणं महत्त्वाचं आहे. मदत घेतल्याबद्दल तो काही गमावत नाही, हे त्याला कागदावर दिसलं पाहिजे. पालकांना फोन सगळ्यात शेवटी करा. मुलगा अठराच्या आतला असेल तर मात्र लवकर.

आणि एक. 31 मे, जागतिक तंबाखूविरोधी दिनाची शपथ घ्या जरूर, पण तेव्हा आपल्याकडे सुट्टी असते आणि फोटोत फक्त कर्मचारी असतात. खरा दिवस प्रवेशाचा. फॉर्मबरोबर आचारसंहितेचं पान द्या आणि ते वाचून दाखवा.

प्रश्न : माझी पानटपरी कॉलेजच्या गेटसमोर, पण रस्त्याच्या पलीकडे आहे. नगरपरिषदेची पावती माझ्याकडे आहे. पोलिसांनी दोनदा माल उचलला. रस्ता ओलांडल्यावर कॉलेजचा कायदा कसा लागतो? मी बंद केलं तर शेजारचा विकेल, मग मुलांचं काय भलं झालं? माझी मुलगी याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून हे विचारतोय.

उत्तर : दादा, तुम्ही पत्र लिहिलंत हे मला फार मोलाचं वाटतं. आधी मोजणीचं सांगते. कोटपाच्या कलम 6 प्रमाणे शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची कोणतीही वस्तू विकता येत नाही. शंभर यार्ड म्हणजे साधारण 91 मीटर. नियमांत स्पष्ट आहे की हे अंतर कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सगळ्या दिशांना, सरळ रेषेत मोजायचं. गेटपासून नाही आणि वळणावळणाच्या वाटेनेही नाही. रस्ता मध्ये आला म्हणून मोजणी थांबत नाही. आम्ही क्रीडा विभागाची भालाफेकीची टेप घेऊन मोजलं होतं, तेव्हा आमच्या मागच्या भिंतीकडची एक टपरी, जिचा गेटशी काहीच संबंध नाही असं सगळ्यांना वाटायचं, ती साठ मीटरवर निघाली. नगरपरिषदेच्या पावतीने तुम्हाला जागा मिळते, तिथे तंबाखू विकायची परवानगी मिळत नाही.

कलम 6 चा दंड 200 रुपयांपर्यंतच आहे, आणि म्हणून बरेच विक्रेते तो भरून मोकळे होतात. पण तुमच्या गेटमधून अकरावी-बारावीची मुलंही बाहेर पडत असतील. ती सोळा-सतरा वर्षांची आहेत. अठराच्या आतल्या मुलाला तंबाखू विकणं हा बालन्याय अधिनियम 2015 च्या कलम 77 खाली वेगळा गुन्हा आहे, आणि त्याची शिक्षा सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड अशी आहे. गणवेश नसलेल्या मुलाचं वय चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. ही जोखीम तुम्ही रोज किती वेळा घेता, ते एकदा मनाशी मोजा. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात 2020 पासून बंदी आहे, आणि गुटखा तर 2012 पासून राज्यात कुठेच विकता येत नाही. शंभर यार्डांचा तिथे प्रश्नच नाही.

तुमची टपरी हटावी असं मात्र कायदा म्हणत नाही. माल हटावा असं म्हणतो. आमच्या गेटसमोरच्या दोन टपऱ्यांपैकी एक चहा, बिस्किटं, पेन, आलेखाचे कागद आणि प्रयोगवह्यांवर आली. पहिले चार महिने त्या माणसाचं उत्पन्न निम्म्यावर आलं, हे तुमच्यापासून लपवणार नाही. आम्ही कॉलेजकडून एवढं करून घेतलं की प्रयोगवह्या आणि परीक्षेच्या पुरवण्या त्याच्याकडून घ्यायच्या. तुमच्या कॉलेजला हे मागायचा तुम्हाला हक्क आहे. प्राचार्यांना लेखी मागा. तंबाखूमुक्त म्हणवून घेणाऱ्या कॉलेजने गेटसमोरच्या माणसाच्या पोटाचा विचार केला नाही, तर तो नियम टिकत नाही.

शेजारच्याबद्दलचं तुमचं म्हणणं खरं आहे. एकट्याने सोडून काही होणार नाही. म्हणून अर्ज असा करा : शंभर यार्डांची पिवळी रेषा रस्त्यावर आखा आणि तिच्या आतल्या प्रत्येकाला सारखा नियम लावा. हा अर्ज जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाकडे जातो, एक प्रत पोलीस ठाण्याला. असा अर्ज विक्रेत्याने स्वतः केला तर त्याला जे वजन येतं ते प्राचार्यांच्या अर्जाला येत नाही. मुलीला सांगा, अर्ज लिहायला ती मदत करेल.

प्रश्न : माझ्या अकरावीतल्या मुलाच्या बॅगेत गोड सुपारीची पाकिटं सापडली. तो म्हणतो, यात तंबाखू नाही, कॉलेजच्या नियमातही नाही. मी उगाच घाबरतोय का?

उत्तर : उगाच नाही. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच नोंदवलं. सुपारीने तोंडाच्या आतलं अस्तर हळूहळू ताठ होत जातं, तिखट झोंबायला लागतं आणि तोंड उघडणं कमी होत जातं. त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. एकदा आलेला ताठरपणा सहसा पूर्णपणे परत जात नाही, म्हणून लवकर कळणं हाच उपाय. मुलाला त्याचीच तीन बोटं एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये उभी घालायला सांगा. सहज जात नसतील किंवा साधी भाजी झोंबते असं तो म्हणत असेल, तर याच आठवड्यात दाताच्या डॉक्टरांना दाखवा. जात असतील तरी एकदा दाखवाच.

बॅग रोज तपासू नका. पाकीट मग बॅगेत राहणार नाही, एवढाच फरक पडेल. कॉलेजच्या नियमात सुपारी घालायला मात्र पालकसभेत सांगा. नियमातली ती फट तुमच्या मुलानेच दाखवून दिलीय.

प्रश्न : आमच्या स्नेहसंमेलनाला एक कंपनी मोठी रक्कम देते आहे. मुख्य धंदा तंबाखूचा, पण बॅनरवर नाव दुसऱ्याच उत्पादनाचं असेल. घ्यावी का?

उत्तर : नाही. कोटपाच्या कलम 5 प्रमाणे प्रायोजकत्व, भेट, बक्षीस किंवा शिष्यवृत्तीच्या बदल्यात तंबाखूच्या उत्पादनाचा किंवा त्याच्या ब्रँडच्या नावाचा प्रचार करता येत नाही. दुसरं उत्पादन पुढे केलं तरी मुलांच्या डोळ्यांत बसतं ते तेच नाव, तीच अक्षरं. एका वर्षी आम्ही अशी रक्कम परत केली आणि मंडप न घालता सभागृहात कार्यक्रम केला. विद्यार्थी प्रतिनिधी नाराज झाले, ते मी समजू शकते. तरी रक्कम परत केली याचं मला आजही समाधान आहे.

प्रश्न : ई-सिगारेटमध्ये तंबाखूच नसते, मग वसतिगृहात तिला बंदी कशी?

उत्तर : ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाटप, साठवण आणि जाहिरात यांवर 2019 पासून देशभर बंदी आहे. साठवण सोडून बाकी सगळ्यासाठी पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वसतिगृहात मित्रांना पुरवणारा मुलगा विक्रीत आणि वाटपात मोडतो, हे त्याला बहुधा ठाऊकही नसतं. आणि पान नसलं तरी त्यात निकोटिन असतं. शरीर मागतं ते निकोटिनच.

प्रश्न : मॅडम, मी बी.ए. दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहतो. तीन वर्षं तंबाखू-चुना खातो. सकाळी उठल्या उठल्या बार भरल्याशिवाय संडासला होत नाही. मागच्या महिन्यात कॉलेजात पकडलं, 200 रुपये भरले, त्याच संध्याकाळी पुन्हा खाल्ली. दोनदा मनापासून सोडली, दोन्ही वेळा चौथ्या दिवशी हरलो. माझ्यात इच्छाशक्तीच नाही असं वाटतं. आणि दिवाळीला घरी गेलो की वडीलच म्हणतात, ‘मळ रे जरा.’ त्यांना मी खातो हे माहीत नाही.

उत्तर : तुझं पत्र मी सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण मला त्यावर निवांत लिहायचं होतं.

इच्छाशक्तीचं मनातून काढून टाक. तू दोनदा तीन तीन दिवस काढलेस. तलफ सगळ्यात जोरात असते ती त्याच तीन दिवसांत. तिथून ती उतरायला लागते आणि दोन ते चार आठवड्यांत बरीच निवते. तू दोन्ही वेळा चढ चढून आलास आणि उताराच्या तोंडाशी थांबलास. कुणी सांगितलंच नव्हतं की पुढे उतार आहे.

आता तुझ्या तळहातावर काय घडतं ते सांगते. हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवायचे. तंबाखूच्या पानातलं निकोटिन आम्लाशी बांधलेलं, क्षाराच्या रूपात असतं, आणि त्या रूपात ते गालाच्या आतल्या त्वचेतून फारसं आत शिरत नाही. तू त्यात चुना घालून घासतोस. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, अल्कली. त्याने मिश्रणाचा सामू, म्हणजे पीएच, वर जातो आणि निकोटिन मोकळं होतं. पीएच 7 असताना शंभरातलं नऊएक भाग मोकळं असतं, 8 ला निम्मं, 9 ला नव्वदच्या वर. मोकळं निकोटिन त्वचेतून झरझर रक्तात जातं. चिमूटभर चुन्याने नऊचे नव्वद होतात. पिढ्यान् पिढ्या लोकांनी हे हाताच्या अंदाजाने साधलंय. तुझी लढाई त्या नव्वदशी आहे, आणि ती नुसत्या निश्चयाने लढायला सांगणं मला अन्याय वाटतो.

म्हणून औषधाची मदत घे. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली लागते, याचा अर्थ शरीर चांगलंच गुंतलंय. जिल्हा रुग्णालयाच्या तंबाखूमुक्ती केंद्रात जा. तिथे जायच्या आधी बोलावंसं वाटलं तर 1800112356 हा सरकारचा विनाशुल्क क्रमांक आहे. पुडीवरही छापलेला असतो, तू रोज तो फाडून टाकतोस. डॉक्टर बहुतेक निकोटिनचं च्युइंगम देतील. ते च्युइंगमसारखं चघळायचं नाही, इथेच बहुतेक मुलं चुकतात आणि ‘उपयोग नाही’ म्हणून सोडून देतात. हळू चावायचं, तोंडात झिणझिण किंवा तिखटपणा आला की थांबायचं आणि गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचं. झिणझिण गेली की पुन्हा दोन-चारदा चावायचं. असं साधारण अर्धा तास. भराभर चावलंस तर निकोटिन पोटात जाईल, मळमळेल आणि तलफ तशीच राहील. त्याआधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, सरबत नको. त्यांनी तोंडात आम्लता येते आणि निकोटिन पुन्हा बांधलं जातं. चुन्याचंच गणित, उलट्या दिशेने.

सकाळच्या अडचणीबद्दल लाजू नकोस, हे मला दर वर्षी कुणीतरी विचारायचंच. निकोटिन आतड्यांना चालना देतं, त्यामुळे सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होतं. ते कायमचं नसतं. उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, रात्री जेवणात पालेभाजी आणि फळ, आणि सकाळी चालणं. आठवडाभर त्रास होईल, पण तेवढाच.

सुरुवातीचा दिवस परीक्षेच्या तोंडावर धरू नकोस. शुक्रवारी रात्री डबी, चुना, पुडी सगळं खोलीबाहेर काढ, म्हणजे कठीण तीन दिवसांतले दोन सुट्टीचे येतात. खोलीतल्या मित्राला सांगून ठेव. तलफेची एक लाट पाच-सात मिनिटांची असते. ती आली की उठून नळापर्यंत जा, चूळ भर, परत ये. तंबाखू ठेवत होतास त्या जागी, ओठाच्या आत पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम असेल तर केंद्रातल्या डॉक्टरांना ओठ उलटून दाखव. तुझ्या कॉलेजने दंड घेतला आणि पुढे काही विचारलं नाही, याचं मला वाईट वाटतं. ज्या शिक्षकांनी पकडलं त्यांच्याकडे तूच जा आणि म्हण, ‘सर, केंद्रात जायला एक दिवस द्या.’ बहुतेक जण देतात.

राहिली दिवाळी. वडिलांना सोड म्हणू नकोस, ते तुझं काम नाही आणि ते ऐकणारही नाहीत. पण मळून देऊ नकोस. चुना-तंबाखूचा वास तळहाताला लागला की तिथेच तुझं सगळं वाया जाईल. खरं कारण सांग : ‘बाबा, मलाही लागली होती. आता सोडतोय. बाकी काहीही सांगा, हे एक माझ्या हातून नको.’ माझ्या एका विद्यार्थ्याने घरी असंच सांगितलं होतं. वडील काही बोलले नाहीत. डबी उचलून अंगणात जाऊन बसले, आणि चारही दिवस घरात असताना त्यांनी ती बाहेरच काढली.

जाताना गमची पट्टी पुरेशी घे, गावात मिळेलच असं नाही. आणि फराळाबरोबर चहा झाला की पंधरा मिनिटं थांबून मगच गम तोंडात टाक.